रहाडीचे व्हिडिओ आणि एक आडवी रेघ

रंगपंचमी झाली आणि मंडळाच्या ग्रुपवर रहाडींच्या, म्हणजे नाशिकच्या रंगाने भरलेल्या जुन्या हौदांच्या, व्हिडिओंचा नुसता पाऊस. तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा. एकच धप्पा (हौदातली उडी) चौघांनी चार तऱ्हांनी पाठवलेला: कुणाची यूट्यूब लिंक पूर्ण, कुणाची आखूड, कुणाची शॉर्ट्सची, शेपटाला 'एसआय' या शेअरिंगच्या खुणेचं लोढणं. दुबार नोंदी काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. लिंक कशीही असो, आतला ११ अक्षरांचा आयडी तोच असतो, त्यामुळे रेजेक्सने, म्हणजे मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राने, तासाभरात उरकेल असं ठणकावून सांगितलं. तीन रात्री गेल्या.

४१२ लिंका शीटमध्ये टाकल्या, सूत्र लावलं, आयडी धडाधड आले. खुशीत एक उघडला तर 'व्हिडिओ उपलब्ध नाही'. अक्षरं मोजली, चारच! असे ६७ निघाले, कुठे चार, कुठे नऊ. काही रकान्यांत तर सरळ एरर. लिंका पुन्हा मागवल्या, लोकांना नीट कॉपी करत नाही म्हणून बोललोही. दुसऱ्या रात्री उजाडलं की तुटलेला प्रत्येक आयडी डॅशपाशीच तुटलाय. सूत्रात मी बॅकस्लॅश डब्ल्यू आणि पुढे अधिकचं चिन्ह ('अशी एक किंवा जास्त') लिहिलं होतं. बॅकस्लॅश डब्ल्यूमध्ये अक्षरं, आकडे, अंडरस्कोर येतात. डॅश येत नाही. आणि यूट्यूबच्या आयडीत डॅश बिनदिक्कत असतो, कधी तर पहिलाच.

मग चौकटी कंसात चालणारी सगळी अक्षरं हाताने लिहिली. डॅश टाकला अंडरस्कोर आणि कॅपिटल ए यांच्या मधोमध. सूत्रच अवैध! तिसरी रात्र त्यात. भाच्याने मोबाइलवरून डोकं न काढता सांगितलं, "मामा, डॅश सगळ्यात शेवटी टाक." मधला डॅश म्हणजे 'इथपासून तिथपर्यंत'. संगणकाच्या अक्षरयादीत अंडरस्कोरचा क्रमांक ९५, ए चा ६५. उलटी मोजणी मशीन कशी करणार? शेवटी टाकला, चालू.

अधिकच्या चिन्हाऐवजी महिरपी कंसात ११ लिहा, म्हणजे नेमकी अकराच अक्षरं घेतली जातील. तुटका आयडी गुपचूप येण्यापेक्षा एरर आलेली बरी. आणि हो, सुरुवातीला मी नीटनेटकेपणाच्या हौसेने सगळ्या लिंका स्मॉल लिपीत करून घेतल्या होत्या. तो गाढवपणा करू नका, आयडीत कॅपिटल-स्मॉल वेगळं धरतात. मूळ रकाना ठेवला होता म्हणून वाचलो.

फेसबुकच्या 'शेअर' लिंकांना हात लावलेला नाही. त्यातला कोड मूळ पोस्टचा नसतोच, तिथे रेजेक्स काय करणार? त्या २३ एकेक उघडून बघायच्या आहेत. 'झालं का?' विचारणाऱ्यांनी रविवारी लॅपटॉप घेऊन यावं.