ई-रीडरवर मराठी बातम्या आणि पत्रके : माझा अनुभव

सांगोल्यात आमची डाळिंबाची बाग असून मी नोकरीनिमित्त सोलापुरात राहतो. वडिलांना मोबाइलच्या पडद्यावर फार वेळ वाचणे सोसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी किंडल हा ॲमेझॉनचा ई-रीडर (पुस्तके वाचण्याचे उपकरण) घेतला आणि बातम्या व शेतीची पत्रके त्यावर पोहोचवण्याचे काम मी अंगावर घेतले.

बातम्यांची व्यवस्था लवकर लागली. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेले ‘कॅलिबर’ हे मोफत सॉफ्टवेअर आरएसएस फीडमधील (संकेतस्थळावरील नव्या लेखांची आपोआप अद्ययावत होणारी यादी) लेख गोळा करून त्यांचे ई-पुस्तक बनवते आणि ईमेलने किंडलवर पाठवते. कॅलिबरच्या तयार यादीत नसलेल्या वृत्तपत्राच्या फीडचा पत्ता आपण स्वतः घालू शकतो. मात्र त्यात मुळात सात दिवसांपर्यंतचे लेख घेण्याची सोय असते, ती मी एका दिवसावर आणली. पाठवणारा ईमेल पत्ता ॲमेझॉनच्या खात्यात आधी मंजूर करून ठेवावा लागतो आणि ठरलेल्या वेळी लॅपटॉपवर कॅलिबर चालू असावे लागते.

खरा कस लागला तो पीडीएफ पत्रकांपाशी. डाळिंबावरील तेल्या रोगाविषयीचे एक जुने पत्रक संगणकावर स्वच्छ मराठीत दिसत होते, पण ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात रूपांतर करताच त्याची रोमन अक्षरे आणि चिन्हे झाली. युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी प्रमाण पद्धत) रुळण्यापूर्वीच्या, छपाईची पाने संगणकावर जुळवण्यासाठीच्या (डीटीपी) अनेक फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. फाइलमध्ये तो फाँट असेपर्यंत मजकूर मराठी दिसतो, फाँट सुटला की आत साठवलेले रोमन अक्षरच उघडे पडते. आपल्या भाषेतील इतके उपयुक्त लेखन अशा फाइलींत अडकून पडावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यावर ‘के-टू-पीडीएफ-ऑप्ट’ हा मोफत प्रोग्राम उपयोगी पडला. तो अक्षरे ओळखण्याच्या भानगडीत न पडता पानाला चित्र मानतो आणि मोकळ्या जागांवरून शब्द कापून लहान पडद्याला बेतेल अशा ओळींत पुन्हा मांडतो, त्यामुळे फाँट कोणताही असला तरी अडत नाही. वडील आता दोन रकान्यांची पत्रकेही मोठ्या अक्षरांत सलग वाचतात. या चित्ररूप पानांत शब्द शोधता येत नाही, म्हणून वारंवार लागणारी पत्रके मी ‘टेसरॅक्ट’ या प्रोग्रामच्या मराठी ओसीआरमधून (चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवण्याची सोय) काढतो, परंतु त्यात अंक चुकण्याचा संभव असल्याने फवारणीच्या मात्रेचा प्रत्येक आकडा मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय ती फाइल सांगोल्याला पाठवत नाही.