परभणीतून स्पोर्ट सायकॉलॉजीच्या एमएस्सीपर्यंत

स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायकॉलॉजीत, म्हणजे खेळ आणि व्यायामाच्या मानसशास्त्रात, एमएस्सीला अर्ज करतेय म्हटल्यावर घरी, गल्लीत, कॉलेजात सगळीकडे एकच प्रश्न: "म्हणजे पीटीची मॅडम होणार का?" चिडून उपयोग नव्हता, कारण हा विषय खरंच दोन घरचा पाहुणा आहे. कुठं तो मानसशास्त्र विभागात असतो, कुठं क्रीडाशास्त्रात. काही विद्यापीठं बीपीएडवाल्यांनाही, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी असलेल्यांनाही घेतात, काहींना मानसशास्त्राचीच पदवी लागते. म्हणून विद्यापीठांच्या याद्या बघण्याआधी मी एक गोष्ट शोधली: शिकून झाल्यावर मला स्वतःला काय म्हणवून घेता येईल?

उत्तर देशागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये 'स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायकॉलॉजिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे, एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही. नेहमीचा मार्ग असा: तुमच्या मानसशास्त्राच्या शिक्षणाला ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता, म्हणजे जीबीसी, मग सोसायटीने मान्य केलेली एमएस्सी, मग देखरेखीखाली साधारण दोन वर्षं प्रत्यक्ष काम. अमेरिकेत एएएसपी या क्रीडा मानसशास्त्राच्या संघटनेचं सीएमपीसी प्रमाणपत्र असतं. त्याला पदव्युत्तर पदवी, मार्गदर्शकाच्या हाताखाली किमान 400 तासांचं काम आणि परीक्षा लागते. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत या विषयात एमए करता येतं, आणि खर्चाचा विचार केला तर तेच शहाणपणाचं. पण माझा जीव नावातल्या दुसऱ्या शब्दात, 'एक्सरसाइज'मध्ये अडकला होता, आणि त्याला तोलामोलाची जागा देणारे अभ्यासक्रम मला ब्रिटनमध्ये जास्त दिसले.

खरी दमछाक जीबीसीने केली. परदेशी पदवी असेल तर सोसायटी मार्कांवर थांबत नाही, तुम्ही नेमकं काय शिकलात ते बघते. बोधात्मक, जैविक, सामाजिक, विकासात्मक मानसशास्त्र, व्यक्तिभिन्नता, संशोधनपद्धती आणि स्वतः केलेला एक प्रकल्प, एवढं सगळं कागदावर दिसायला हवं. माझं बीए तीन ऐच्छिक विषयांचं आणि मराठी माध्यमातलं. त्या वर्षांचा अभ्यासक्रम आता संकेतस्थळावर नव्हता. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या मामांनी कपाटावरून एक गठ्ठा काढला, धूळ झटकली आणि म्हणाले, "ताई, हे कुणी मागितलंच नाही कधी, कसर लागली बघा." पानांना भोकं होती, पण पेपरांची नावं आणि घटक शाबूत होते. झेरॉक्स, प्राचार्यांचा शिक्का, मग इंग्रजी भाषांतर आणि त्यावर पुन्हा शिक्का. जीबीसी बीएच्या जोरावर मिळणं अवघडच होतं. एमएचे पेपर आणि प्रबंध जोडल्यावर अर्जाला जरा वजन आलं.

एसओपी, म्हणजे हा विषय का शिकायचाय ते सांगणारं अर्जासोबतचं निवेदन, मात्र मी मजेत लिहिलं. सगळ्यांनी सुचवलं की अविनाश साबळेवर लिही, आपल्या आष्टी तालुक्यातला, स्टीपलचेसमध्ये 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. पण त्याच्याबद्दल मला वर्तमानपत्रात आलेलंच माहीत. रोज डोळ्यांपुढे होती ती भरतीची पोरं. परभणीत पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर निघा, पोलीस भरतीवाले पळताना दिसतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, त्याला 20 गुण. वर्ष-वर्ष पाऊस-थंडी न बघता पळतात, आणि निकाल लागला की थांबतात. नापास झालेला थांबतो हे समजू शकतं, पण पास झालेलाही थांबतो. शेजारच्या दादाला विचारलं तर म्हणाला, "लागलो की आता. कशाला पळायचं?" डेसी आणि रायन यांचा स्वयंनिर्धारणाचा सिद्धांत एमएला पाठ केला होता, तो मला या वाक्यात कळला. बाहेरच्या बक्षिसासाठी केलेला व्यायाम बक्षिसाबरोबर का संपतो, आणि पळता पळताच त्यात स्वतःचं काही सापडावं म्हणून प्रशिक्षकाला काय करता येईल, एवढंच मी लिहिलं. एका विद्यापीठाने ऑनलाइन मुलाखत घेतली, तीही जवळजवळ सगळी यावरच. 'पोलीस भरती' समजावण्यात निम्मा वेळ गेला.

शिफारसपत्रासाठी सरांकडे गेले तेव्हा धीर करून म्हटलं, "सर, विद्यार्थिनी होतकरू आहे एवढंच नका लिहू." सर हसले. "मग काय लिहू ते मुद्दे आण." मी प्रबंधातल्या मुलाखती, आकडेमोड, कुठं अडले आणि कसं सोडवलं, असं पानभर नेलं. त्यातलं त्यांना स्वतःला आठवत होतं तेवढंच त्यांनी घेतलं, आणि पत्र चांगलं झालं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सराव केला, झालं.

कर्जाची गंमत वेगळी. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण तेवढ्यात फीसुद्धा भागत नव्हती. बाबा सातबारा घेऊन बँकेत गेले. मॅनेजर म्हणाले, "शेती चालत नाही. एनए प्लॉट आहे का?" कर्ज थकलं तर सरफेसी कायद्याखाली बँकेला शेतजमिनीवर हात टाकता येत नाही, म्हणून. बाबांना हे पटेचना. ज्या सोयाबीनवर घर चाललं, पोरी शिकल्या, ती जमीन बँकेच्या लेखी काहीच नाही! शेवटी जिंतूर रोडवरचं काकांचं घर तारण दिलं. काकू आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मला ते चूक वाटत नाही.

ऑफर आली आहे, एमएच्या अंतिम गुणपत्रिकेच्या अटीवर. व्हिसासाठी टीबीची तपासणी ठरलेल्या केंद्रातच करावी लागते, त्यासाठी देवगिरी एक्सप्रेसने मुंबई. जीबीसीचं उत्तर अजून यायचंय. नाही मिळालं तर एमएस्सी करता येईल, पण नोंदणीआधी मानसशास्त्राच्या पदवीतली उणीव भरून काढणारा कन्व्हर्जन कोर्सही करावा लागेल. बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "त्याला कुणाचं घर ठेवायचं, ते तूच काकूला विचार."