ढेपेच्या गोदामामागचं शेड : आमची वाटचाल

आमचं मूळ दुकान पशुखाद्याचं. एरंडोलजवळ हायवेला लागून. सरकी ढेप, मक्याचा भरडा, बैलांचे कासरे. रात्री ट्रक सुसाट जायचे आणि सकाळी कोणीतरी शटरपुढे जखमी कुत्रं ठेवून गेलेलं असायचं. ढेप विकतो म्हणजे जनावरांचं सगळं यालाच कळतं, असा लोकांचा समज. वडील चिडायचे, "गिऱ्हाईक ढेपीला येतं, कुत्र्यांना भ्यायला नाही." पण संध्याकाळी दूध-भाकरी कुस्करून तेच घालायचे. बघता बघता गोदामामागे शेड उभं राहिलं.

देणग्या दिवाळीला येतात, कुत्र्यांना भूक रोज लागते. म्हणून शेडच्या दुसऱ्या टोकाला सहा खोल्या बांधल्या. गावाला जाणारे लोक आपली पाळीव कुत्री तिथे ठेवतात, दिवसाच्या भाड्यानं. आखाजी आणि मेच्या सुट्टीत खोली मिळत नाही. जळगावचा लॅब्राडॉर कूलरपुढे पसरलेला असतो आणि त्याच्या भाड्यावर पलीकडे तीन पायांचा काळू जेवतो. धंदा आणि सेवा एकत्र कशी, असं विचारणाऱ्यांना मी महिन्याचं औषधाचं बिल दाखवतो.

पहाटे पाचला मोठं पातेलं चढतं. सात किलो कणी, चिकनवाल्याकडची मुंडी-पाय, हळद. कांदा-लसूण नाही, ते कुत्र्याला बाधतं. हाडं वेचून काढायची, कारण शिजलेलं हाड फुटून आतड्यात रुततं. मग झाडलोट, गोचिड्या काढणं, जखमेतल्या अळ्या चिमट्यानं वेचणं. कामावरच्या दोघांनी रेबीजची सुई आधीच टोचून घेतलेली आहे. ती न घेता शेडात पाऊल टाकायचं नाही.

एका पावसाळ्यात मी कोणालाच नाही म्हटलं नाही. तीस कुत्र्यांच्या जागेत पन्नास झाली. एका खोक्यात आलेली पिल्लं ओकायला लागली, मग रक्ताची हगवण. पार्वो. आम्ही इमानदारीत रोज फिनाईलनं शेड धूत होतो. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं, हा विषाणू फिनाईलला दाद देत नाही, ब्लीचिंग लागतं, आणि मातीत तो महिनोन् महिने टिकतो. सलाईन लावून रात्री जागलो, तरी नऊ पिल्लं गेली. तेव्हापासून नवीन आलेलं प्रत्येक कुत्रं चौदा दिवस वेगळ्या खोलीत, त्याची भांडीही वेगळी. लस न दिलेलं पिल्लू जमिनीवर सोडत नाही. फोनवर "जागा नाही" म्हणायलाही शिकलो. शिव्या खाव्या लागतात.

त्याहून जास्त शिव्या कुत्रं परत सोडताना. बरं झालं, नसबंदी झाली, लस टोचली, कानाला खाच पाडली की ते त्याच्याच गल्लीत सोडायचं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही तेच आहे. कारण सरळ आहे: गल्ली रिकामी झाली की शेजारची, नसबंदी न झालेली कुत्री तिथे येऊन बसतात. पण गाडीचं दार उघडलं की ओट्यावरच्या आजी ओरडतात, "काय भाऊ, हाई कुत्रं परत काब्र लई उना?" मी खाच दाखवतो, आता हिला पिल्लं होणार नाहीत म्हणतो. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्याच आजींच्या ओट्याखाली ती कुत्री झोपलेली, शेजारी भाकरीचे तुकडे. आजी मात्र अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

आता चैत्र लागला. इथं पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो आणि कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो. बाकी सगळं धापा टाकून. पत्र्यावर चुन्याचे दोन हात मारून झालेत, जाळ्यांना गोणपाटं बांधलीत, वाळूचा खड्डा दुपारी ओला करतो. बोअर मागच्या मेमध्ये पंधरा मिनिटांत गचके द्यायला लागली होती. टँकरवाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय, तो आगाऊ पैसे मागतोय.