ल्वार खोऱ्यातले शातो: मुक्काम कुठे टाकावा?

मे महिन्यात आम्ही सहा जण आठ रात्रींसाठी फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यात शातो पाहायला गेलो होतो. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बहात्तर वर्षांच्या आणि गुडघ्यांनी थकलेल्या. बाबा पंचाहत्तरीचे, पण अजून महिन्यातून एकदा सिंहगड चढणारे. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात, आणि आम्ही दोघं. जायच्या आधी दोन महिने मी फक्त 'कुठला शातो पाहायचा' एवढंच शोधत बसले होते. खरं तर आधी ठरवायला हवं होतं ते 'राहायचं कुठे'. सहल चांगली झाली ती मुक्काम बदलल्यावर, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहिते.

शातो म्हटलं की आपण किल्ला म्हणतो आणि डोळ्यांसमोर तट, बुरूज, माची येते. इथले बहुतेक शातो मात्र राजेरजवाड्यांनी पंधराव्या-सोळाव्या शतकात हौसेने बांधलेले किंवा नव्याने सजवलेले वाडे आहेत. बहुतेक सगळं नदीकाठी किंवा जवळपास, सपाटीवर आणि एकमेकांपासून दहा-पन्नास किलोमीटरवर. म्हणजे चढाईचा प्रश्न नाही, प्रश्न आहे रोजच्या जाण्यायेण्याचा आणि संध्याकाळचा.

पहिल्यांदा आम्ही शेर नदीच्या दक्षिणेला एका खेड्यात घर घेतलं होतं. फोटोत द्राक्षमळे, अंगण, झाडाला बांधलेला झोका. घर खरोखरच तसंच होतं. आम्ही शनिवारी संध्याकाळी पोचलो. रविवारी दुपारी दूध-पाव आणायला बाहेर पडलो, तर गावात एकही दुकान उघडं नाही आणि आठ किलोमीटरवरचं सुपरमार्केट साडेबारालाच बंद झालेलं. मुलांनी विमानातली बिस्किटं खाल्ली. आईंना तर अंगणातून उठून जावं असं ठिकाणच नव्हतं. ना चालायला पदपथ, ना माणसांची जाग. दिवसभर गाडीत बसायचं आणि संध्याकाळीही गाडीशिवाय पान हलायचं नाही. चार रात्रींचे पैसे भरले होते, त्यातल्या दोन रात्रींवर पाणी सोडलं आणि सोमवारी सकाळी आंब्वाझला आलो.

आंब्वाझ छोटं गाव आहे, पण गावपण असलेलं. शातोच्या पायथ्याशी तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर मिळालं. तळमजला मुद्दाम विचारून घ्या. तिथे 'पहिला मजला' म्हणजे आपल्यासारखाच एक जिना चढून, आणि जुन्या घरांचे जिने अरुंद, गोल, बिनकठड्याचेही असतात. लिफ्टची अपेक्षा धरू नका.

इथे आल्यावर दिवसाची घडी बसली. सकाळी धाकटा आणि मी पाव आणायला जायचो. दुकानात शिरताच आधी 'बाँजूर' म्हणायचं हे तो दुसऱ्या दिवशी शिकला, आणि ते म्हटल्यावर काउंटरवरच्या बाईंचा सूरच बदलायचा. संध्याकाळी आई स्वतःच्या पायांनी ल्वारच्या काठापर्यंत जायच्या आणि बाकावर बसायच्या. मे अखेरीला साडेनऊपर्यंत उजेड असतो. जेवण आटोपून पुलावरून नदीतल्या बेटावर गेलं की पाण्यापलीकडे सगळा शातो पिवळ्या उन्हात दिसतो. आईंनी या सहलीत सर्वात जास्त वेळ कशात घालवला असेल तर त्या बाकावर.

आंब्वाझचा शातो पायीच झाला. घोड्यावरून थेट वर जाता यावं म्हणून इथे बुरुजाच्या पोटात पायऱ्यांऐवजी गोल फिरत जाणारा उतार बांधलेला आहे. उतरताना आईंनी एक हात भिंतीवर ठेवला आणि कुठेही न थांबता खाली आल्या. पाचशे वर्षांपूर्वी घोड्यांसाठी केलेली सोय त्यांच्या गुडघ्यांच्या कामी आली. मुलांना आवडली ती आठव्या चार्ल्सची गोष्ट. 1498 साली इथेच दाराच्या चौकटीवर डोकं आपटून तो राजा गेला. आवारातल्या छोट्या चॅपेलमध्ये लिओनार्दो द विंचीची समाधी आहे. 1516 मध्ये तो पहिल्या फ्रान्स्वा राजाच्या बोलावण्यावरून आला आणि 1519 मध्ये वारला. त्याचं घर, क्लो ल्युसे, चालत दहा मिनिटांवर आहे. त्याच्या यंत्रांच्या मोठ्या प्रतिकृती बागेत मांडल्या आहेत आणि त्यातल्या काही मुलांना फिरवून बघता येतात. याला अर्धा दिवस राखून ठेवा.

नदीवर पुलासारखा बांधलेला शनोंसोचा शातो आंब्वाझहून वीस मिनिटांवर. दार उघडायच्या वेळेलाच पोचा. साडेदहानंतर बसगाड्या येऊ लागतात आणि मग स्वयंपाकघराच्या जिन्यावर रांग लागते. ते स्वयंपाकघर पुलाच्या खांबांत आहे, खाली शेर नदी वाहते. वरचं दालन साठ मीटर लांब, थेट नदीवर बांधलेलं, पायाखाली काळ्या-पांढऱ्या फरश्या. पहिल्या महायुद्धात इथे जखमी सैनिकांचं रुग्णालय होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातला भाग आणि मोकळा भाग यांच्यामधली सीमा या नदीवरून जात होती. दालनाचं अलीकडचं टोक ताब्यातल्या भागात, पलीकडचं दार मोकळ्या भागात. थोरलीने ते दालन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत पार केलं आणि बराच वेळ त्या पलीकडच्या दाराशी उभी राहिली.

शांबोर आणि शव्हर्नी एकाच दिवशी करू नका. आम्ही केलं आणि शव्हर्नीत सगळे गळून गेले होते. आंब्वाझहून शांबोर पाऊण तासाहून थोडं जास्त. 1519 मध्ये पहिल्या फ्रान्स्वाने बांधायला घेतला, आवाराची भिंतच 32 किलोमीटर, आणि राजा स्वतः आयुष्यात राहिला जेमतेम 72 दिवस. मधला दुहेरी जिना हे इथलं खरं नवल. दोन जिने एकमेकांभोवती वळत वर जातात, पण कुठेच भेटत नाहीत. मुलं एकेका जिन्याने चढली आणि मधल्या झरोक्यांतून एकमेकांना हाका मारत राहिली. गच्चीवर धुरांड्यांचं आणि मनोऱ्यांचं गावच आहे. आईंनी ती गच्ची पाहिली नाही, खाली थांबल्या. पायऱ्या खूप आहेत, ते आधीच लक्षात घ्या. शव्हर्नी छोटा, घरंदाज. चित्रकार एर्जेने टिनटिनच्या चित्रकथांमधल्या कॅप्टन हॅडॉकच्या वाड्याचं चित्र यावरूनच काढलं, फक्त दोन्ही टोकांचे भाग वगळून. शिकारी कुत्र्यांचा मोठा कळप पाहायला मुलं कंटाळत नाहीत. हे दोन्ही निवांत पाहायचे असतील तर शेवटच्या दोन रात्री ब्ल्वा या गावी काढा. तिथून शांबोर पंधरा-सोळा किलोमीटरच आहे.

व्हिलांद्रीच्या बागेत मला भाजीचे नऊ चौकोन सर्वात आवडले. सॅलड, कोबी, कांदे रांगोळीसारखे लावलेले, आणि लागवड वर्षातून दोनदा बदलते. तिथून आझे-ल-रिदो दहा किलोमीटर. ही जोडी एका दिवसात आरामात होते, फक्त आंब्वाझहून निघताना पाऊण तास धरा.

गाडी चालवायची नसेल तर मात्र आंब्वाझऐवजी तूर शहरात राहा, हे मी ठामपणे सांगेन. तूरहून आंब्वाझ वीस मिनिटं, शनोंसो अर्धा तास, ब्ल्वा पाऊण तासाच्या आत, सगळं रेल्वेने. शनोंसोचं स्टेशन तर शातोच्या दाराशीच आहे. तूरच्या जुन्या भागात रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते, लहान मुलं असतील तर खोली आतल्या बाजूची घ्या. आंब्वाझचं स्टेशन नदीपलीकडे आहे, सामान ओढत एक-दीड किलोमीटर जावं लागतं.

गाडी घेणार असाल तर पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून तूरजवळच्या सँ-पिएर-दे-कोरला वेगवान रेल्वेने या, सव्वा तास पुरतो, आणि तिथे गाडी घ्या. पॅरिसच्या रहदारीत शिरायचं कारणच उरत नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. ऑटोमॅटिक हवी असेल तर खूप आधी सांगा, नाहीतर गिअरची मिळते आणि गिअर उजव्या हाताला. दहा वर्षांखालच्या मुलाला आसन लागतंच. आम्ही ते आधी नोंदवलं नव्हतं, त्यासाठी काउंटरवर तासभर गेला. खेड्यांत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे, पण मोठ्या गोल चौकात आत असलेल्या गाडीचा हक्क पहिला.

खाण्याचं सांगते. दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. शाकाहारी असाल तर क्रेपच्या दुकानात कुट्टूच्या पिठाची गालेत मिळते, चीज आणि अंड्याची किंवा फक्त चीजची. घरून भाजणी, बेसन, मेतकूट, गोडा मसाला न्या. तूप, पेढे, बर्फी नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आईंनी रात्री पिठलं केलं आणि आम्ही ते सकाळच्या बॅगेट पावाच्या टणक कडेने पुसून खाल्लं. त्या पावाला पिठलं भाकरीइतकंच लागतं. रविवारी सकाळी आंब्वाझला नदीकाठी मोठा बाजार भरतो. राखेत घोळवलेलं, आत गवताची काडी असलेलं सँत-मोर हे बकरीचं चीज तिथून घ्या. गाडी काठावर लावली असेल तर शनिवारी रात्रीच हलवा.

बाबांसाठी एक दिवस वेगळा ठेवला होता, बुधवारी लोश. आंब्वाझहून चाळीस मिनिटं. इथे मात्र खरा किल्ला आहे. अकराव्या शतकातला 36 मीटर उंच बालेकिल्ला, छत नाही, मजले नाहीत, नुसत्या चार भिंती आणि आत लोखंडी जिने. बाबा सगळे जिने चढले. खाली आल्यावर त्यांनी भिंतीची जाडी हाताने वीत-वीत मोजली, पाणी कुठून आणत असतील ते विचारलं आणि बुरुजाच्या सावलीत बसून डबा उघडला.