सातारा ते गुहागर, आज्जीला घेऊन

लई दिवस नुसतं ठरत होतं, शेवटी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पहाटे साताऱ्यातनं गाडी काढलीच. मी, बायको, पोरगं आणि आज्जी. आज्जीनं आयुष्यात समुद्र बघितला नव्हता म्हणून गुहागर धरलं, आणि उंब्रजवरनं आत वळलं की पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असा रस्ता, वाटेत तिचं माहेरही. म्हणजे आता ते दिसत नाही, गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेलं, धरण झालं तेव्हा ती परकरी पोरगी होती.

हेळवाकला चहाला थांबलो. इथंच कोयना वळते. महाबळेश्वरातनं निघून दक्षिणेला येते आणि इथनं पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते, हे शाळेत आपण सगळ्यांनीच शिकलोय. पण १०५ टीएमसीच्या त्या धरणातलं बरंचसं पाणी कराडला जातच नाही, ते डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतनं पश्चिमेला पोफळीच्या वीजघरात पडतं, वीज झाली की पुढं वाशिष्ठी नदीत येतं आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीत समुद्राला मिळते. घाट उतरताना हे सगळं मी आज्जीला सांगितलं. ती काही बोलली नाही, खिडकीतनं बघत राहिली.

गुहागर फार आवडलं. व्याडेश्वराचं दर्शन घेतलं आणि तिथनं चालतच किनाऱ्यावर, लांबच लांब वाळू, कडेला सुरूची झाडं, गर्दी अजिबात नाही. पोरगं पाण्यातनं बाहेर निघायला तयार नाही. जेवायला गरम उकडीचे मोदक मिळाले, वर साजूक तूप, आज्जीनं तीन खाल्ले (घरी अर्ध्या भाकरीवर उठते).

रात्री झोपताना म्हणाली, "आमचं पानी कुठं येतंय म्हनालास, तिथं ने मला."

म्हणून रविवारी सकाळी धोपाव्याला गेलो. इथनं गाड्या घेऊन फेरीबोट पलीकडं दाभोळला जाते, खाडीच्या तोंडाशी अंजनवेलचा गोपाळगड. आज्जीनं पिशवीतनं नारळ, तांदूळ, हळदीकुंकवाची पुडी काढली, कधी घेतलं होतं कुणाला माहीत नाही. धक्क्याचा उतार शेवाळानं निसरडा झालेला, मी दंड धरला तशी ती हळूहळू खाली गेली, वाकून पाण्याला हळदकुंकू वाहिलं, तांदूळ टाकले. ओंजळीत पाणी घेऊन डोळ्याला लावलं, मग जिभेला.

"खारट झालं गं बाई," पाण्यालाच म्हणाली, सासरी गेलेल्या बहिणीशी बोलावं तसं. माझा गळा दाटून आला.

नारळ सोडला तोवर फेरीबोट लागली, तिच्या लाटेनं नारळ परत पायाशी आला. आज्जीनं तो दोन्ही हातांनी पुन्हा आत लोटला, आणि बोट दाभोळला निघून गेली तरी ती तिथंच उभी राहिली, पदराला हळदीचे हात तसेच लागलेले.