घुंगरू अपडेट: अखेर शेवंता उलटली नाही!

तर राजेहो, माझी घुंगरू जातीची डुकरीण शेवंता थांबली, म्हणजे उलटून पुन्हा माजावर आली नाही, गाभण दिसते. पोळ्याच्या दिवशी नराकडून भरवली होती, काल 21 दिवस झाले आणि बाई सकाळपासून भिंतीला पाठ लावून पडली आहे, पैलवानाच्या (आपल्या नराच्या) जाळीकडे ढुंकूनही पाहून नाही राहिली. कमरेवर दोन्ही हातांनी दाबून पाहिलं तर किंचाळून पुढे पळाली. माजावर असती तर कान ताठ करून जागची हललीच नसती. मी पेढे आणायला निघालो होतो, बायको म्हणे अजून एक पाळी जाऊ दे, मग काय ते कर. पेढे मी आणलेच, खाल्ले पण.

ज्यांनी मागचे रडगाणे वाचले त्यांना माहीत आहे की शेवंता आणि ठमी दोघीही पाऊस लागल्यापासून दर पाळीला उलटत होत्या. पैलवान आपलं काम मन लावून करत होता (डुकराचा हा कार्यक्रम पाच-दहा मिनिटं चालतो, पाहुणे आले असले की आपलीच पंचाईत होते), मादी शांत उभी राहायची, सगळं नीट, आणि बरोबर तीन आठवड्यांनी पुन्हा तोच गोंधळ. जो येईल तो म्हणे मादीतच खोट आहे, विकून टाक. काहून विकू बापा? मागच्या वेताला शेवंतेनं दहा पिल्लं वाढवली, एकही चेंगरलं नाही. घुंगरूचा स्वभावच तसा गरीब, पिल्लांच्या बाबतीत तर फारच.

आधी संशय मक्यावर गेला. फीडवाल्यानं या मोसमात जो मका दिला तो पोत्यात हात घातला की दमट लागायचा, आणि बुरशी लागलेल्या मक्यात झीरालेनोन नावाचं विष तयार होतं, ते मादीच्या हार्मोनची नक्कल करतं, त्यानं माज नसतानाही निरण (मादीच्या योनीचं तोंड) सुजते. म्हणून मका बंद केला, तांदळाची कणी आणि सोयाबीन ढेप सुरू केली. (आपल्याकडे जो तो सरकीची ढेप सुचवतो. गाईला चालते, डुकराला नाही. त्यातलं गॉसिपॉल डुकराला बाधतं आणि नराच्या वीर्यावरही परिणाम करतं, माझ्या शेडमध्ये सरकीला एंट्रीच नाही.) मका गेला, पण उलटणं काही गेलं नाही.

मग एका डॉक्टरांनी फोनवर एकच गोष्ट विचारली आणि माझी ट्यूब पेटली. उलटतात ते बरोबर 21 दिवसांच्या आसपास, की मागेपुढे? गर्भ राहून मग मेला असेल तर मादी उशिरा, वेड्यावाकड्या दिवशी माजावर येते. बरोबर पाळीवर येत असेल तर गर्भ मुळात राहिलाच नाही, म्हणजे नराकडे बघा. माझी वही काढली, सगळ्या तारखा घड्याळ लावल्यासारख्या.

दुसरा नर आणून बघ असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. नाही आणणार. 2020 मध्ये आसाम-अरुणाचलमध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर आला तेव्हापासून बाहेरचं जनावर आत नाही, हॉटेलचं उष्टं नाही, दुसऱ्याच्या शेडमधून आलेली चप्पलसुद्धा फाटकाबाहेर. त्या रोगाला औषध नाही, एकदा शिरला की शेड रिकामंच होतं. तेव्हा आहे त्याच पैलवानाची तपासणी करायची होती.

नागपुरात सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेल्या एका ओळखीच्या पोरानं येऊन वीर्याचं सॅम्पल घेऊन दाखवलं. हातमोजा, डमी म्हणून पोतं बांधलेलं लाकडी स्टूल, आणि थर्मासवर मलमलचं कापड. कापडावर साबुदाण्यासारखा जेल राहतो, तो फेकायचा, खालचं पातळ ठेवायचं. काचेची स्लाइड कोमट करून घ्यावी लागते, थंड स्लाइडवर डुकराचं वीर्य लगेच मरतं आणि आपण नराला उगीच नापास करतो. मायक्रोस्कोप म्हणाल तर भाच्याचा शाळेतला, सीताबर्डीवर घेतलेला, लय भारी काही नाही पण 400 पटीला पुरतो. जुलैत पाहिलं तेव्हा पुढे पळणारे शुक्रजंतू मोजकेच, बाकी जागच्या जागी थरथरत होते, कित्येकांच्या शेपट्या गुंडाळलेल्या. जोश शंभर टक्के आणि माल शून्य!

कारण नवतपा, मे अखेरचे ते नऊ दिवसांचे कडक ऊन. डुकराला घाम जवळपास येतच नाही, 45 च्या वर पारा गेला की नराच्या वृषणात जे तयार होत असतं ते खराब होतं, आणि वीर्य तयार होऊन बाहेर पडायला सहा-सात आठवडे लागतात. म्हणजे मे-जूनमधल्या उन्हाचा फटका जुलै संपेपर्यंत बसतो, आणि तेव्हा पाऊस पडून गारवा आलेला असल्यानं उन्हावर कोणाला संशयही येत नाही. पोळ्याच्या आधी पुन्हा स्लाइड पाहिली, नजर ठरेना इतकी पळापळ. त्याच आठवड्यात शेवंता माजावर आली. ठमीची पाळी पुढच्या हप्त्यात आहे, तिलाही आता पैलवानच.

आता पुढच्या उन्हाळ्याचं. फॉगर (बारीक तुषार उडवणारे) लावायचे म्हणून नोझल मागवले होते, त्यांचं नाव नका काढू, आपल्या बोअरच्या जड पाण्यानं पंधरवड्यात सगळे चोक. पैलवानाच्या खोलीला डेझर्ट कुलर लावायचं ठरवलंय, कोरड्या मे महिन्यात तो मस्त काम करतो, पण मान्सूनच्या तोंडाशी हवा दमट झाली की कुलर नुसता आवाज करतो. तेव्हा कडुनिंबाखाली काळ्या मातीचा लोळायचा खड्डा मोठा करणं हेच स्वस्त आणि पक्कं. चिखल अंगावर हळूहळू वाळतो, तोवर गारवा टिकतो.

हे लिहिता लिहिता डोक्यात आलं की कुलर पाहिजेच कशाला? जून-जुलैत भरवायचंच नाही. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यावर भरवली तर 114 दिवसांनी मार्चच्या सुरुवातीला वेत, आणि नवतपाच्या आत पिल्लं दूध सोडतील. पैलवानाला उन्हाळाभर सुट्टी. खड्डा तरीही करणार, जनावराला बरं वाटतं म्हणून. कुलरचे पैसे मग लोखंडी पाइपला, व्यायच्या खोलीत भिंतीपासून वीतभर आत आणि जमिनीपासून वीतभर वर पाइप लावला की आई धपकन आडवी झाली तरी पिल्लांना मागे सरकायला जागा राहते.

शेवंतेचं वेत मात्र मार्गशीर्षाच्या शेवटी येतंय, म्हणजे ऐन थंडीत. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 32-34 अंश लागतात आणि आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो. बल्बची पेटी तयार आहे, पण रात्री लाइट गेली तर काय करायचं ते अजून सुचलं नाही. कोणाकडे बिनविजेचा जुगाड असेल तर सांगा, फक्त निखाऱ्यांचं मडकं सुचवू नका, माझ्या शेडवर तणसाचं छप्पर आहे.