खांदा सरळ करायचा का?

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या एका घरी फोटो काढायला पोहोचले, तर आजोबांना फेटा बांधून सोफ्यावर बसवलेलं. मागे नवाकोरा पडदा. पंच्याहत्तरीचा फोटो म्हणून मुलाने हौसेने तयारी केली होती. अशी मांडामांड उतरवण्यातच माझा अर्धा वेळ जातो. हल्ली काही जण तर घरी फोटो काढायला दोन लाइट आणि प्लास्टिकची फुलं घेऊन जातात. मग स्टुडिओतच बोलवा की!

"आजोबा, एरवी कुठं बसता?" विचारल्यावर ते उठले, फेटा आणि कुडता काढून ठेवला आणि बनियनवर खिडकीजवळच्या लोखंडी पेटीवर जाऊन टेकले.

ट्यूब बंद करायला लावली. खिडकीचा आणि ट्यूबचा उजेड एकाच चेहऱ्यावर पडला की एक गाल निळसर, दुसरा हिरवट येतो आणि नंतर कॉम्प्युटरवर कितीही झटा, ते नीट निघत नाही. खोली लहान, म्हणून जास्त रुंद भाग टिपणारी 35 मिमीची लेन्स. तिच्यात कडेचा माणूस ताणल्यासारखा दिसतो, त्यामुळे आजोबा मधोमध. उजेड कमी, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, 1600. सावलीच्या बाजूला उजेड परतवायला सूनबाईंनी पांढरी चादर धरली. आडव्या उजेडात उजवा खांदा उठून दिसला. डाव्यापेक्षा दोन बोटं खाली, मानेशी काळपट घट्टा.

आधी मुंबईत मशीद बंदरला, घाऊक बाजार इकडे नवी मुंबईत आल्यावर तुर्भ्याला, जन्मभर गोणी वाहिलेला खांदा. 1969च्या माथाडी कायद्याने हजेरी, फंड मिळाला. गोण मात्र पुढेही कित्येक वर्षं शंभर किलोचीच राहिली. इतका खरा फोटो माझ्या हातून क्वचित निघतो.

मुलाचा फोन आला. "मॅडम, मस्त आलाय. फक्त खांदा सरळ कराल? कार्यक्रमाला लोक येणार."

मला रागच आला. सुरकुत्या पुसून मागणाऱ्यांना मी तोंडावर नाही म्हणते, तसंच म्हटलं. तेवढ्यात आजोबांनी फोन घेतला. "पोरी, कर की सरळ. त्याला बरं वाटंल. मला काय, रोज आरशात दिसतोय."

खांदा त्यांचा, फोटोही त्यांचाच. त्यांना स्वतःला हवं असतं, तर मी दहा मिनिटांत करून दिलं असतं. पण ते बोलले पोरासाठी, आणि पोरगा शेजारीच उभा होता. गुरुवारी फाइल लॅबला द्यायचीय. त्याआधी कोपरखैरण्याला जाऊन आजोबांना एकट्याला विचारणार आहे.